सोळा हजारांची नोकरी की सात हजारांची अप्रेंटिसशिप?

प्रश्न : आम्ही चाळीसगावचे. मुलगा २० वर्षांचा आहे, यंदा आयटीआय फिटर झाला. भुसावळला रेल्वेत अप्रेंटिसचा फॉर्म भरतो म्हणतोय. तिथे महिना सात हजार आणि नोकरीची हमी नाही. त्याच्या मामांच्या ओळखीचा एक एजन्सीवाला चाकणला १६ हजार देतो म्हणतो, वर 'हीसुद्धा अप्रेंटिसच' असं सांगतो. यांचं म्हणणं, रेल्वेवाले वर्षभर राबवून घेतील आणि घरी पाठवतील. काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, आधी त्या 'हीसुद्धा अप्रेंटिसच' या वाक्याचा निकाल लावू. मी बरीच वर्षं आयटीआयत शिल्पनिदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारा, होतो. या एका शब्दावर फसून आलेली पोरं मी पाहिली आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली उमेदवार आणि आस्थापना यांच्यात लेखी करार होतो आणि तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो. करारावर ट्रेड असतो, मुदत असते, विद्यावेतन असतं. एजन्सीवाल्याला एवढंच विचारा, "कराराचा नोंदणी क्रमांक कधी मिळेल, आणि ट्रेड फिटरच लिहिणार ना?" तो चुळबुळला, तर ती ठेकेदाराकडची नोकरी आहे असं समजा. तशी नोकरी करणं काही पाप नाही, पण तिला अप्रेंटिस म्हणू नये.

आता सात हजारांचं. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्यासाठी हा किमान आकडा ठरला. हा पगार नव्हे, विद्यावेतन. कायद्याने अप्रेंटिस कामगार नसतो, म्हणून पीएफ कापला जात नाही. पण त्याच कायद्याने त्याला ओव्हरटाइमला जुंपताही येत नाही, त्यासाठी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची, म्हणजे याच कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याची, मंजुरी लागते. कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क आहे. चाकणच्या १६ हजारांतून मात्र खोलीभाडं आणि मेस वजा करा, ओव्हरटाइमचे पैसे त्यातच धरलेत का तेही विचारा, आणि मग दोन्ही आकडे शेजारी मांडा. भुसावळला मुलगा घरचा डबा घेऊन रेल्वेने ये-जा करू शकेल.

तुमच्या यजमानांची भीती खोटी नाही. वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन मालकावर नसतं, आणि काही ठिकाणी अप्रेंटिसला झाडू मारण्यात आणि खोकी भरण्यात वर्ष काढावं लागतं. माझ्याच एका विद्यार्थ्याने एका खासगी कारखान्यात अकरा महिने स्टिकर चिकटवले. परीक्षेच्या वेळी व्हर्निअर (बारीक मापं घेण्याचं साधन) हातात धरताना त्याचा हात थरथरत होता. म्हणून जागा निवडताना मी आधी विचारतो, तिथे शिकवणारं कोण आहे? रेल्वेच्या लोको वर्कशॉपमध्ये इंजिन अक्षरशः सुटं करून पुन्हा जोडतात. फिटरच्या हाताला याहून चांगली शाळा आपल्या भागात मला तरी माहीत नाही. ठेकेदाराच्या लाइनवर बहुधा एकच बोल्ट दिवसभर आवळायचा असतो. तीन वर्षांनी पगार थोडा वाढलेला असेल, पण हात तिथेच राहील.

वर्षाअखेरीस अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेत त्याचा थेट उपयोग आहे. लेव्हल-१ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पगारश्रेणीच्या, भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात. लेखी परीक्षा त्यांनाही द्यावी लागते, तेव्हा हमी म्हणू नका. पण खुल्या गर्दीत उभं राहणं वेगळं आणि या रांगेत उभं राहणं वेगळं.

वयाचंही बघा. रेल्वेच्या अप्रेंटिससाठी साधारण १५ ते २४ ची अट असते, राखीव प्रवर्गांना सवलत मिळते. चाकण २५ व्या वर्षीही तिथेच असेल. रेल्वेत अप्रेंटिसच्या निवडीला परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. म्हणजे गुण बेताचे असतील तर नाव लागेलच असं नाही. तेव्हा एकाच फॉर्मवर बसू नका. एसटीचे विभाग, महावितरण, माझगाव डॉक हेही अप्रेंटिस घेतात. फक्त जाहिरातीत फिटर ट्रेड आहे का ते पाहून अर्ज करा. कशातच नाव लागलं नाही तर चाकणला जाऊ दे, पण दोन वर्षांची आयटीआय असल्याने डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे, हे त्याच्या कानावर घालून ठेवा.

तुमच्या पत्रात मामांचं मत आहे, वडिलांचं आहे. मुलाने मात्र एका ओळीपुरतं तोंड उघडलंय, आणि त्या एका ओळीत त्याने नेमकी बरोबर जागा सांगितली आहे. त्याला विचारा, त्याला भुसावळच का हवं.

आणि अप्रेंटिस लावून देतो म्हणून एजन्सीवाला 'नोंदणी फी' मागेल. एक रुपया देऊ नका. सरकारी पोर्टलवर नोंदणी फुकट होते. अडलं तर मुलाला त्याच्याच आयटीआयच्या बीटीआरआय केंद्रात (अप्रेंटिसचं काम पाहणाऱ्या विभागात) पाठवा, आधार कार्ड, गुणपत्रिका आणि बँक पासबुक सोबत देऊन.