ब्लॉक खोटा वाटतो? आधी हे पाय

बाबू, तू म्हणतो व्हिडिओ गेममधला ब्लॉक (वार अडवणं) खोटा आहे. हात आडवे धरले की लाथ साफ थांबते, असं आखाड्यात होत नाही. तिथं हाताले सूज येते. पण ‘स्ट्रीट फायटर २’ या मारामारीच्या गेममध्ये (१९९१) ब्लॉक फुकटचा नाही. साधा ठोसा अडवला तर काही जात नाही, हादोकेन (हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा) अडवलं तरी थोडी लाइफ कटतेच. माह्या मते खरेपणा तिथंच आहे. शोर्युकेनसारखा (उसळी घेत वर हाणलेला ठोसा) उडणारा माणूस मात्र शंकरपटातही नाही दिसत! ते अडवलं की मारणारा हवेत उघडा पडतो. खाली येता येता हाण.

ओलिताची पाळी नसेल त्या रात्री स्पेशल (हादोकेनसारखे खास वार) सोडून नुसता ब्लॉक घोट. पायावर मार आला तर स्टिक खाली-मागं धर, उडी मारून आला तर उभ्यानं नुसती मागं. ‘मॉर्टल कोम्बॅट’ या दुसऱ्या गेममध्ये ब्लॉकचं बटणच वेगळं.