न भाजता, पण वजन करून

बेक न करता होणारे चॉकलेट-प्रोटीनचे गोळे आणि बार यांवर बरीच पत्रं साठली होती. त्यातली काही निवडली आहेत. सगळ्यांना आधीच सांगते, वजनकाटा काढून ठेवा. यात 'एक वाटी' फसवते, कारण दाबून भरलेली वाटी आणि हलक्या हाताने भरलेली वाटी यांत पावडरीचा बराच फरक पडतो.

प्रश्न : ताई, ओट्स, पीनट बटर, खजूर, कोको आणि व्हे पावडर (दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनची) घालून गोळे करते. करताना छान मऊ असतात, पण फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांत दगड होतात. असं का?

दोन वेगळी कारणं आहेत आणि उपायही वेगळे, म्हणून आधी तुमचं कारण शोधू. एक गोळा फ्रीजबाहेर काढून अर्धा तास तसाच ठेवा. मऊ पडला तर काळजी नाही. पीनट बटरमधलं तेल थंडीत घट्ट झालं होतं, एवढंच. खायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढत जा.

अर्ध्या तासानेही तो कोरडा आणि चिवटच राहिला, तर पाणी पळालंय. गेलंय मात्र गोळ्यातल्या गोळ्यातच. प्रोटीन पावडर आणि ओट्स खजुरातला, दुधातला ओलावा सावकाश शोषत राहतात, गोळा वळून झाल्यावरसुद्धा. केसीन, म्हणजे दुधातलंच दुसरं प्रोटीन, आणि वाटाण्याचं प्रोटीन तर व्हेपेक्षा जास्त पाणी पितात. त्यामुळे व्हेची कृती बघून त्यात वाटाण्याची पावडर तेवढ्याच वजनाने घातली की हमखास घोटाळा होतो.

तेव्हा मिश्रण कालवल्यावर लगेच वळायला बसू नका. झाकून वीसेक मिनिटं ठेवा, मग हात लावा. या वेळी ते बोटांना किंचित चिकटायला हवं. आत्ताच कोरडं, देखणं वळलं जातंय म्हणजे परवा ते दातांना झुंजवणार. कमी वाटलं तर दूध चमच्याचमच्याने घाला, एकदम ओतू नका. आणि पावडर जास्त घातली की गोळा जास्त पौष्टिक होतो हा हट्ट सोडा. एकूण वजनाच्या सातव्या-आठव्या हिश्शापर्यंत ती निभते, पुढे चव खडूची लागते.

प्रश्न : एका गोळ्यात प्रोटीन असतं तरी किती? जिममधले मित्र म्हणतात, दोन खाल्ले की जेवणाचं काम होतं.

मित्रांना पाटी-पेन्सिल दे. 100 ग्रॅम ओट्सची भरड, 120 ग्रॅम पीनट बटर, 100 ग्रॅम बिया काढलेला खजूर, 60 ग्रॅम व्हे, 20 ग्रॅम कोको आणि तीन-चार चमचे दूध घे. याचे 20 गोळे होतात, एकेक साधारण 23 ग्रॅमचा. प्रोटीन ओट्सचं 13 ग्रॅम, पीनट बटरचं 30, व्हेचं 45, कोकोचं 4, खजुराचं 2. बेरीज 94. म्हणजे गोळ्यामागे पाच ग्रॅमही भरत नाही, आणि उष्मांक मात्र ऐंशीच्या वर. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रोटीन असतं, तेही याहून थोड्या कमी उष्मांकात.

व्हे काढून टाकलं तर गोळ्यामागे अडीच ग्रॅम उरतं. ओट्स आणि खजुराच्या गोळ्याला नुसता कोको लावून 'प्रोटीन' म्हणायची जी पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. खाऊ म्हणून तो उत्तमच आहे, मग नावही खाऊच ठेवा. व्यायामानंतर दोन गोळे आणि पेलाभर दूध घे. जेवण मात्र वेगळं कर.

प्रश्न : डब्यातली पावडर घरात नको आहे. त्याऐवजी कणीक किंवा दुसरं पीठ घातलं तर चालेल?

कच्चं पीठ नको. दळलेलं पीठ हा न शिजलेला पदार्थ आहे, त्यात साल्मोनेला किंवा ई. कोलाय असे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, आणि इथे तर आपण काहीच शिजवत नाही. चपटे ओट्स कारखान्यात वाफवलेले असतात, म्हणून ते तसेच चालतात. साय काढलेल्या दुधाची पावडर घाला. तिच्यात 100 ग्रॅमला सुमारे 35 ग्रॅम प्रोटीन असतं आणि ती गोडही असते, तेव्हा खजूर थोडा कमी करा. भोपळ्याच्या बिया कोरड्या भाजून, भरड करून घातल्या तर आणखी बरं.

प्रश्न : वरून लावायला चॉकलेट वितळवलं तर त्याची गुठळी झाली. टाकून द्यावं का?

अजिबात नाही. चमचा ओला असेल किंवा वाफेचे थेंब पडले असतील. थोड्याशा पाण्याने चॉकलेटमधली साखर ओली होते आणि सगळं एकमेकांना धरून बसतं. गंमत म्हणजे यावर उपाय आणखी पाण्याचाच: गरम दूध चमच्याचमच्याने घालून घोटा, ते पुन्हा गुळगुळीत होईल. आता त्याचं कडक कवच बसणार नाही, म्हणून ते पुढच्या घाण्यात दुधाऐवजी घाला. कवचासाठी नवं चॉकलेट घ्या, भांडं कोरडं पुसा आणि ते ज्या पाण्यावर ठेवता ते नुसतं गरम ठेवा, खळखळू देऊ नका.

प्रश्न : साखर घालत नाही, फक्त खजूर. मग मधुमेह असलेल्या माझ्या सासूबाईंना आणि दहा महिन्यांच्या बाळाला द्यायला हरकत नाही ना?

खजुरात 100 ग्रॅममागे साठ-पासष्ट ग्रॅम साखरच असते, सोबत फायबर असतं इतकंच. वरच्या मापाच्या एका गोळ्यात तीन-साडेतीन ग्रॅम येते, ओट्सची कर्बोदकं वेगळी. सासूबाईंच्या डॉक्टरांना हे आकडे दाखवा आणि ते म्हणतील तेवढेच द्या. खजूर निम्मा करून उरलेल्या जागी पीनट बटर वाढवलं तरी गोळा बांधला जातो, फक्त उष्मांक वाढतात.

बाळाला नको. चिकट गोळा घशात अडकू शकतो. खजुराऐवजी कधी मध वापरत असाल तर तो एक वर्षाच्या आत थेंबभरही देऊ नका, त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

प्रश्न : किती दिवस टिकतात?

हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये आठवडाभर. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. थरांमध्ये बटर पेपर घाला, नाहीतर सुरीने फोडावे लागतील.