निलंबन किती काळाचे?

प्रश्न : सभागृहात गैरवर्तन करणाऱ्या आमदाराला विधानसभा वर्षभर निलंबित करू शकते का? करू शकत नसेल, तर त्याची आमदारकीच काढून घेण्याची त्याहून मोठी शिक्षा तिला कशी देता येते?

उत्तर : वर्षभराचे निलंबन राज्यघटनेला धरून नाही. पीठासीन अधिकाऱ्यांशी गैरवर्तन केल्याच्या कारणावरून महाराष्ट्र विधानसभेने ५ जुलै २०२१ रोजी १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केले होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी त्या अधिवेशनापलीकडचे निलंबन बेकायदा ठरवले. विधानसभेच्या नियम ५३ नुसारही सदस्याला आधी त्या दिवसापुरते आणि त्याच अधिवेशनात पुन्हा तसेच वर्तन घडल्यास फार तर उरलेल्या अधिवेशनापुरते बाहेर ठेवता येते, कारण कामकाज सुरळीत चालावे एवढाच या अधिकाराचा हेतू आहे.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. सदस्याची हकालपट्टी झाली की जागा रिकामी होते आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ प्रमाणे साधारणपणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. निलंबनात मात्र जागा रिकामी होत नाही, त्यामुळे निवडणूकही होत नाही आणि ज्यांनी काहीच गैर केलेले नाही त्या मतदारांच्या वतीने बोलणारे सभागृहात कोणी उरत नाही. विनापरवानगी ६० दिवस गैरहजर राहणाऱ्या सदस्याची जागा रिक्त जाहीर करण्याची मुभा अनुच्छेद १९०(४) सभागृहाला देतो, यावरूनही मतदारसंघ फार काळ प्रतिनिधीविना राहू नये हीच घटनेची इच्छा दिसते. म्हणूनच न्यायालयाने वर्षभराचे निलंबन हकालपट्टीपेक्षाही वाईट म्हटले, आणि मला ते पूर्णपणे पटते.

हकालपट्टीचा अधिकार घटनेत शब्दशः लिहिलेला नाही. तो विशेषाधिकारांच्या अनुच्छेद १०५ आणि १९४ मधून येतो. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांना काढण्यात आले, तेव्हा जानेवारी २००७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने ही कारवाई वैध ठरवली. मात्र कार्यपद्धतीतील साध्या त्रुटींवरून न्यायालयाला हस्तक्षेप करता येत नसला, तरी निर्णय उघडपणे बेकायदा किंवा घटनाविरोधी असल्यास तो तपासता येतो, हेही त्याच निकालाने स्पष्ट केले.

हकालपट्टीमुळे पुन्हा उभे राहण्यास बंदी येत नाही. लोकसभेने डिसेंबर १९७८ मध्ये इंदिरा गांधी यांचे सदस्यत्व रद्द केले होते, आणि जानेवारी १९८० मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा लोकसभेत पाठवले.