कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न: वय 29, साताऱ्यात खासगी नोकरी, दरमहा हातात 38 हजार. सुट्टीला गडकिल्ल्यांचे व्हिडिओ मोबाइलवर करतो. आता सोनी झेडव्ही-ई10, लेन्स, माइक, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) असा 1 लाख 40 हजारांचा सेट घ्यायचाय. बँकेने 14 टक्क्यांनी 3 वर्षांसाठी 2 लाखांचं पर्सनल लोन दिलं. ‘ही पॉलिसी घ्या, लोन लगेच पास होईल’ म्हणत त्यातूनच सेव्हिंग प्लॅनचे 60 हजार कापले. दरवर्षी तेवढेच, असे 10 वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षाअखेर 9 लाख मिळणार, विमा 6 लाखांचा. कागद मागच्या आठवड्यात आले. सहा महिन्यांत चॅनलमधून हप्ता सुटेलच. हाच कॅमेरा घेऊ की वरचं मॉडेल?

उत्तर: कोणताच नको. पण ते 60 हजार आधी बघू. तुम्ही 14 टक्क्यांनी कर्ज काढून पैसे 4 टक्क्यांवर ठेवलेत. 6 लाखांचे 9 लाख ऐकायला गोड वाटतं, पण वर्षाला जेमतेम 4 टक्के पडतात. हेच हप्ते पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी साडेबारा लाखांच्या घरात जातात. विमा म्हणाल, तर तुमचा सोळा महिन्यांचाही पगार नाही. शिवाय लोनचा हप्ता 6,800 आणि पुढच्या प्रीमियमसाठी बाजूला 5,000. म्हणजे दरमहा जवळजवळ 12 हजार गेले, आणि अजून एक फ्रेम शूट झालेली नाही.

कर्जासाठी अशी पॉलिसी घ्यायची सक्ती बँकेला करता येत नाही. पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. स्टॅम्प ड्यूटी, तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च आणि मेडिकल झाली असेल तर ती, एवढं कापून बाकी पैसे मिळतात. अर्ज विमा कंपनीकडे, लेखी, आणि पोच घ्या. शाखेतले साहेब ‘दोन-तीन वर्षं भरा, मग बघू’ म्हणतील. त्यांचं टार्गेट तुमच्या 30 दिवसांनंतरच सुरक्षित होतं. कंपनीने दाद दिली नाही तर विमा नियामकाचं बिमा भरोसा हे तक्रारीचं पोर्टल, त्यानंतर विमा लोकपाल.

आता ते ‘सुटेलच’. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास बघितलं जाणं लागतं. एक प्रेक्षक सरासरी 4 मिनिटं थांबला, तर 60 हजार व्ह्यूज. हे सगळं होऊन फक्त दार उघडतं. सहा महिन्यांत त्यातून 6,800 निघतील यावर मी माझा एक रुपया लावणार नाही.

अजिंक्यताऱ्याच्या तटावर उभं राहून बोलताना वरच्या मॉडेललाही वाऱ्याची घरघरच ऐकू येते. प्रेक्षक हलतं चित्र सोसतो, आवाज कळला नाही की पुढे सरकतो. केसाळ कव्हरचा वायरलेस माइक, ट्रायपॉड आणि पॉवर बँक पंधरा हजारांच्या आसपास बसेल. मोबाइल आहेच. (पावसाळ्यात कासला न्याल तेव्हा लेन्सला बुरशी लागायची काळजीही नाही.) हे पगारातून दोन-तीन महिन्यांत जमतं. हातातले 1 लाख 40 हजार आणि पॉलिसीचे परत आलेले पैसे बँकेत भरून लोन बंद करा. मुदतीआधी फेडायचं शुल्क किती लागेल, ते मात्र आधी लेखी विचारून घ्या.