वाचक विचारतात : जुन्या इंग्रजी कादंबऱ्या कुठे अडतात?

प्रश्न : इंग्रजी वर्तमानपत्र रोज वाचतो, पण अभिजात म्हणतात त्या इंग्रजी कादंबऱ्या चाळीस-पन्नास पानांतच हातातून सुटतात. सुरुवात कशापासून करावी आणि रोज किती वाचावं?

उत्तर : 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'पासून करा. डिकन्सची ही कादंबरी डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात त्याच्याच साप्ताहिकात क्रमशः आली. प्रकरणं ५९, हप्ते ३६. म्हणजे मूळ वाचकाला आठवड्याला एक-दोन प्रकरणंच मिळायची. आठवडाभर पात्र लक्षात राहावं म्हणून डिकन्स प्रत्येकाला एखादी लकब देतो. जॅगर्स वकील अशील गेला की सुगंधी साबणाने हात धुतो. एका बैठकीत शंभर पानं रेटलीत तर हीच लकब कंटाळा आणते आणि दोष कादंबरीवर जातो. रोज दोन प्रकरणं वाचा, महिन्यात पुस्तक होतं. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' 'करमणूक'मधून अशीच हप्त्यांनी आली होती. ती वाचलेल्यांना ही चाल परकी वाटणार नाही.

जॉर्ज इलियटची 'मिडलमार्च' मात्र एवढ्यात नको. ती फार थोर कादंबरी आहे, पण ८६ प्रकरणांचा तिचा संथ पल्ला सराव झाल्यावरच झेपतो.

आवृत्ती टिपा असलेली घ्या आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी वाचा. बहुतेक प्रस्तावना कथानकाचा शेवट सांगून मोकळ्या होतात.

प्रश्न : जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधले शब्द ओळखीचे आहेत, तरी अर्थ भलताच लागतो. सासरा जावयाबद्दल म्हणतो की तो आम्हा सगळ्यांशी 'मेक लव्ह' करतो!

उत्तर : अडचण ओळखीच्या शब्दांचीच असते. अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतो, ओळखीच्यासाठी उघडत नाही. १८१३च्या इंग्रजीत 'मेक लव्ह' म्हणजे गोड बोलून मन जिंकू पाहणं, आर्जवं करणं. सासरे मिस्टर बेनेट जावई विकमच्या लाडीगोडीबद्दल बोलताहेत. 'कंडिसेन्शन' आज शिष्टपणाला म्हणतात, पण बेनेटांचा नातलग, पाद्री कॉलिन्स तो शब्द आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनच्या स्तुतीसाठी वापरतो : एवढी थोर बाई आणि आमच्याशी किती मायेने बोलते! 'सेन्सिबल' बरेचदा 'जाणीव असलेला' या अर्थाने येतो, 'वॉन्ट' म्हणजे उणीव. असे पंधरा-वीस शब्द वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवले की पुढच्या चार-पाच कादंबऱ्यांना पुरतात.

आणखी एक खाचखळगा नावांचा. नुसतं 'मिस बेनेट' म्हटलं की थोरली अविवाहित मुलगी, म्हणजे जेन. धाकटीसाठी 'मिस एलिझाबेथ बेनेट' म्हणायचं. हे माहीत नसेल तर कोण कोणाबद्दल बोलतंय याचा गोंधळ ठरलेला.

प्रश्न : 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा नायक डार्सी, त्याचे वर्षाचे दहा हजार पौंड म्हणजे आजचे किती रुपये?

उत्तर : रुपयांत मांडू नका, हाती काही लागत नाही. कादंबरीतल्याच आकड्यांशी ताडून पाहा. बेनेटांच्या जमिनीचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड, पण ती पुरुष वारसालाच मिळणार, म्हणजे कॉलिन्सला. पाच मुलींना त्यातलं काही नाही. १९व्या प्रकरणात लग्नाची मागणी घालताना हाच कॉलिन्स एलिझाबेथला तिचा वाटा ऐकवतो : चार टक्के व्याजाने १,००० पौंड, तेही आई गेल्यावर. वर्षाला ४० पौंड! इथे थांबून दहा हजारांच्या शेजारी हे चाळीस मांडून पाहा. मग मिसेस बेनेटची मुलींच्या लग्नांसाठीची तडफड नुसती हसण्यावारी नेता येत नाही. आणि ३४व्या प्रकरणात एलिझाबेथ डार्सीला नकार देते, तेव्हा ती काय नाकारतेय ते कळतं. आमच्या मते ही कादंबरी प्रेमाइतकीच पैशाची आहे, आणि म्हणूनच ती इतकी खरी वाटते.

प्रश्न : 'वदरिंग हाइट्स'मध्ये दोन कॅथरीन आहेत का? आणि म्हाताऱ्या नोकराचं, जोसेफचं बोलणं अजिबात समजत नाही.

उत्तर : आई आणि मुलगी, दोघी कॅथरीनच. तिसऱ्या प्रकरणात निवेदक लॉकवुडला खिडकीच्या फळीवर खरवडलेली तीन नावं दिसतात : कॅथरीन अर्नशॉ, कॅथरीन हीथक्लिफ, कॅथरीन लिंटन. ती एका कागदावर उतरवून पुस्तकात खूण म्हणून ठेवा. आई अर्नशॉची लिंटन होते. मुलगी जन्माने लिंटन, लग्नाने हीथक्लिफ, आणि शेवटी अर्नशॉ व्हायच्या वाटेवर. तीन शब्दांत दोन पिढ्या! १६व्या प्रकरणात मुलगी जन्मते आणि दोन तासांत आई जाते. तिथे कागदावर आडवी रेघ मारा, पुढची कॅथरीन म्हणजे मुलगी. नायक हीथक्लिफच्या मुलाचं नाव लिंटन, म्हणजे एकाचं आडनाव तेच दुसऱ्याचं नाव, हेही तिथेच लिहा.

जोसेफची बोली यॉर्कशरची आहे. डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने वाचा. 'नाउट' म्हणजे काही नाही, 'समट' म्हणजे काहीतरी. तरीही नाही कळलं तर पुढे चला. पहिली तीन प्रकरणं बुचकळ्यात टाकतात, कारण लॉकवुडलाच काही ठाऊक नसतं. चौथ्यापासून घरातली जुनी नोकर नेली कथा सांगू लागते आणि वाट सरळ होते.

प्रश्न : आधी सिनेमा पाहिला तर चालेल?

उत्तर : चालेल. संक्षिप्त आवृत्ती मात्र टाळा. तिच्यात घटना उरतात, निवेदकाचा आवाज जातो.

प्रश्न : सगळे वाखाणतात ती 'जेन एअर' मला मधेच रटाळ वाटली. असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर : जरूर लिहा, फक्त कुठे ते सांगा. जेनने थॉर्नफिल्डचा वाडा सोडल्यावर, २८ ते ३५ या प्रकरणांत गती मंदावते, ही तक्रार रास्त आहे. 'अख्खी कादंबरी रटाळ' म्हटलंत तर समोरच्याला बोलायला जागाच राहत नाही. वाचून होताच तीन ओळी टिपा : कोणाला काय हवंय, काय खटकलं, कुठलं वाक्य परत वाचावंसं वाटलं. पान क्रमांक आवृत्तीगणिक बदलतो, म्हणून प्रकरणाचा आकडा लिहा. तोही नीट पाहून, कारण 'प्राइड अँड प्रेज्युडिस' आणि 'जेन एअर' मुळात तीन खंडांत निघाल्या आणि काही आवृत्त्या प्रत्येक खंडाला पुन्हा एकपासून क्रमांक देतात. डार्सीच्या पहिल्या मागणीचं ३४वं प्रकरण त्यांत दुसऱ्या खंडातलं ११वं असतं.