‘सोयीनुसार’ हा शब्द आधी काढा

प्रश्न : २०२१ मध्ये आमचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. मुलगा तेव्हा साडेचार वर्षांचा होता. ताबा आईकडे आणि मला दुसऱ्या-चौथ्या शनिवारी दोन तास भेट, शिवाय ‘सुट्टीत दोघांच्या सोयीनुसार’, असं ठरलं. आता तो नऊ वर्षांचा आहे. मला त्याचा मुक्काम आणि मे महिन्याची निम्मी सुट्टी हवी आहे. ‘सही केलीत, आता बदल होत नाही,’ असं सगळे सांगतात. खरं का? – एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : खरं नाही. ताब्याचा हुकूम कायमचा नसतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ प्रमाणे घटस्फोटानंतरही ताबा, भेट, शिक्षण आणि मुलाचा खर्च याबद्दलचे आदेश कोर्ट बदलू शकतं. संमतीच्या अटीही त्याला अपवाद नाहीत. (नोंदणी विशेष विवाह कायद्याखाली असेल तर कलम ३८.)

घटस्फोट पुण्यातच झाला असेल, तर अर्ज शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात करायचा. हुकूमनामा आणि अटींची प्रमाणित नक्कल, प्रतिज्ञापत्र, शाळेचं सुट्ट्यांचं वेळापत्रक जोडा. मुलाची ओढ लागते, हे कोर्टाला माहीत असतं. परिस्थिती काय बदलली ते लिहा. तो आता रात्री आईशिवाय राहू शकतो का, तुमच्याकडे झोपेल कुठे, तुम्ही कामावर असताना घरी कोण, सोमवारी शाळेत कोण सोडणार? पूर्ण ताबा मात्र उगाच मागू नका. मुक्कामाच्या साध्या अर्जाची त्याने लढाई होते आणि वर्षं जातात.

नोटीस निघते, समोरून ‘से’ म्हणजे लेखी उत्तर येतं, मग बहुतेकदा समुपदेशकांकडे पाठवतात. तिथे जमलं तर उत्तमच, पण जे जमलं ते दोघांच्या सहीने कोर्टात दाखल करून त्यावर आदेश घ्या. फोनवरचं ‘हो’ पुढच्या भांडणात टिकत नाही. न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये बोलू शकतात. त्याला पढवून नेऊ नका. नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडी ‘मानसिक छळ’ आला की तो कुणाचा शब्द, हे लगेच कळतं.

तुमची खरी अडचण ‘सोयीनुसार’ या शब्दात आहे. दोघांपैकी एकाची जरी सोय नसली की भेट बुडते आणि कुणी आदेश मोडला हेही सिद्ध होत नाही. त्याऐवजी असं लिहून घ्या : ‘दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी १० वाजता वडील मुलाला आईच्या सोसायटीच्या गेटवरून घेतील, रविवारी सायंकाळी ६ वाजता तिथेच सोडतील. मुलगा आजारी असल्यास आदल्या रात्री ९ पर्यंत कळवावे. बुडालेली भेट लगतच्या शनिवार-रविवारी.’ सुट्टीचा पहिला अर्धा भाग यंदा कुणाकडे आणि पुढच्या वर्षी कुणाकडे, तेही लिहा. दिवाळी विसरू नका.

मे महिन्यासाठीचा अंतरिम अर्ज फेब्रुवारीतच टाका. मे महिन्यात कोर्टालाही सुट्टी असते.

भेट नाकारली म्हणून खर्चाचे पैसे थांबवू नका. तो पैसा मुलाचा, आणि थकबाकी तुमच्याच अर्जात आडवी येते. ठरलेल्या वेळेनंतर मुलाला ठेवून घेणं त्याहून वाईट. नवा आदेशही पाळला गेला नाही, तर त्याच कोर्टात दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, करता येते. तेव्हा गेटवर गेल्याच्या तारखा आणि मेसेज कामाला येतात.