हे कारकुनी काम नाही

प्रश्न : माझा लग्नाच्या शूटिंगचा आणि एडिटिंगचा व्यवसाय आहे. मुलगा कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. केडेनलाइव्ह या मोफत व्हिडिओ एडिटरच्या कामात तो हौसेनं भाग घेतो. पण गेले दोन महिने कोड बाजूला ठेवून सॉफ्टवेअरच्या रचनेची कागदपत्रंच सुधारत बसलाय. याला नोकरीच्या बाजारात किंमत आहे का? – एक पालक, जि. सांगली

उत्तर : नमस्कार. किंमत आहे, आणि का ते तुम्हाला चटकन कळेल, कारण तुमचा दिवस टाइमलाइनवरच, म्हणजे क्लिपा ओळीनं मांडायच्या पट्टीवरच जातो.

मंगलाष्टकांची क्लिप पुढं सरकवली की तिला जोडलेला आवाजही सरकतो, ती शेजारच्या क्लिपवर चढत नाही आणि कंट्रोल-झेड दाबलं की सगळं जागच्या जागी येतं. केडेनलाइव्हमध्ये यासाठी क्लिपांचा हिशेब ठेवणारा भाग वेगळा आणि तो पडद्यावर दाखवणारा भाग वेगळा आहे. प्रत्येक बदल करतानाच तो उलटा फिरवायची कृतीही तयार होते. ही मांडणी पहिल्यापासून नव्हती. प्रकल्प सुरू झाला २००२ मध्ये; टाइमलाइनचं हे नवं बांधकाम लोकांच्या हाती आलं एप्रिल २०१९ च्या १९.०४ आवृत्तीत. आता एखादा नवखा येतो, ही विभागणी त्याला ठाऊक नसते, तो हिशेबाचं काम पडद्याच्या भागात घुसडतो आणि अन्डू, म्हणजे कंट्रोल-झेडचं काम, बिघडतो. कोड वाचून काय चाललंय ते समजतं; असं का ठरवलं, ते बहुतेक वेळा समजत नाही. ते ‘का’ तुमचा मुलगा लिहून ठेवतोय.

बारीकशी गोष्ट केवढ्याला पडते बघा. अपूर्णांकात आपण टिंब देतो, जर्मनीत स्वल्पविराम देतात. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये आकडे ज्या-त्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणे उतरायचे, त्यामुळे एका देशातली फाइल दुसरीकडे उघडली की घोटाळा व्हायचा. अखेर २०२० च्या २०.०८ आवृत्तीत फाइलची पद्धतच बदलावी लागली आणि नव्या फाइल जुन्या आवृत्त्यांत उघडेनाशा झाल्या. असा निर्णय कारणासकट नोंदलेला नसेल, तर पुढचा माणूस तीच चूक नव्यानं करू शकतो.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूची आहे. दोन महिने कोडला हात न लावणं मला पसंत नाही. कोड बदलत राहतो, आणि त्याच्यापासून तुटलेलं पान शिळं होतं. ज्या भागाबद्दल त्यानं लिहिलंय, त्यातलाच एखादा छोटा बग, म्हणजे कोडमधली चूक, त्यानं सोडवावा आणि त्याच मर्ज रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल प्रकल्पात घ्यावा म्हणून पाठवायच्या विनंतीत, ते पानही दुरुस्त करावं. मुलाखतीत दाखवायला याहून चांगलं काही नाही. सोबत सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा आणि क्यूटी हा पडद्यावरचे भाग बांधायचा संच, दोन्ही पक्कं हवं; केडेनलाइव्ह त्यांच्यावरच उभं आहे; नुसत्या लेखनावर प्रोग्रामरची नोकरी मिळत नाही.

पैशांचं म्हणाल, तर हे काम बिनपगारी आहे. गूगल समर ऑफ कोड या, नवख्यांना अशा मोफत सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत काम देणाऱ्या गूगलच्या उपक्रमात मानधन मिळतं, पण तिथं निवड होईलच असं धरून घरचा हिशेब मांडू नका.

आज रात्री त्याला शेजारी बसवा आणि विचारा, ‘कंट्रोल-झेड दाबल्यावर आत काय होतं रे?’ मराठीत, तुम्हाला कळेल असं सांगायला लावा. जिथं तो अडखळेल, ते पान त्याला पुन्हा लिहायचंय.